कमलाकर शाखा

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

आज तीन आर्य आले. एक छत्री विसरून गेला.

पहिला मूळ नागपूरचा, हाउन्सलोत राहतो, बँकेचं सॉफ्टवेअर बघतो. त्याच्या फोनमध्ये एक ॲप आहे. चेहऱ्यासमोर धरलं की आकडा सांगतं. याचा आला अठ्ठ्याऐंशी टक्के आर्य. "मॅडम, हे पण फॉर्मला जोडायचं का?" मी विचारलं, उरलेले बारा टक्के कुठे गेले? म्हणाला, "नागपूरचं ऊन असेल." हसला नाही. मनापासून म्हणाला!

दुसऱ्यानं आजोबांच्या मुंजीचा फोटो आणला होता. तिसऱ्याची बायकोच बोलत होती. तो नुसता नाक पुढे करून बसला होता.

सगळ्यांना बर्लिनच्या 'मध्य आफ्रिके'त जायचंय, पूर्वेचा किनाराही त्यातच धरतात. ऐंशी वर्षांपूर्वी लंडननं तह केला, आफ्रिका बर्लिनला देऊन टाकली, राजा आणि बसगाड्या स्वतःकडे ठेवल्या. आता बर्लिनला तिथं अधिकारी पुरत नाहीत. म्हणून आमची आठवण. आशियाई माणूस तिसऱ्या वर्गात. पण आर्य कुळ सिद्ध केलं तर दुसऱ्या— जिल्हा, बंगला, गाडीवर गरुडाचं निशाण. रक्ततपासणीवर बर्लिनचा भरवसा नाही. पहिल्याच वर्षी म्हणे त्यांच्याच साहेबांचे निकाल नको तसे निघाले. तेव्हापासून फक्त कागद.

आणि कागद कुणाकडे? आमच्याकडे! छापील कुलवृत्तांत, पानांच्या क्रमांकांसह. गोत्र काय, मूळ गाव कुठलं, कोण कुठे गेला, कोण कशानं मेला. जर्मनांना भुरळच पडली. आमच्या पणजोबांनी हौसेनं छापलं, आमची पोरं आता ते घेऊन रांगेत उभी.

ते इंग्रजीत करून देण्याचं काम माझं. बारा वर्षं झाली. शिक्का माझा, सही माझी. सहीखाली छापील ओळ: काहीही गाळलेले नाही. आणि खरंच नसतं.

उंबऱ्यातच प्रत्येकाला सांगते— चपला तिथे काढा, आणि मला काही सांगू नका. सांगितलंत तर मला ते वर्गवारीच्या कचेरीला लिहून द्यावं लागतं, तशी शपथ आहे. माझ्या घरात कागद बोलतो, माणूस नाही.

चपला काढतात. गप्प बसणं जड जातं.


५ सप्टेंबर

छत्रीवाला आला नाही. छत्री चांगली आहे. आर्य आहे की नाही कळत नाही.


७ सप्टेंबर, शनिवार

मंडळाचा गणपती. ईलिंगमधल्या शाळेचा हॉल, तोच ओल्या बुटांचा वास, तेच थर्मोकोलचं मखर.

उल्हास कोळथरकर यांचं अध्यक्षीय भाषण. उल्हास भूलतज्ज्ञ होता. आयुष्यभर माणसांना झोपवलं, निवृत्तीनंतरही सवय गेलेली नाही. "ज्या कुळांचा आपण आदर ठेवला, त्या कुळांचा आज जग आदर करतंय!" टाळ्या. कोण जग? हाउन्सलोच्या कचेरीतले चार कारकून!

गणपतीनं ऐकून घेतलं. एवढे मोठे कान, जाणार कुठे.

वीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये ठराव झाला: मंडळ वर्गवारीचं स्वागत करतं. शशीनं दुसऱ्या दिवशी दोन वाक्यांचा राजीनामा पाठवला. पहिलं वाक्य: मी राजीनामा देत आहे. दुसरं: कारण सगळ्यांना माहीत आहे. मी त्याची बायको म्हणून नव्हे, वाचक म्हणून सांगते, मंडळाच्या दप्तरात तेवढंच चांगलं गद्य आहे. शशी गेला त्याला तेरा वर्षं झाली. उल्हास अजून अध्यक्ष.

आता त्याचा मुलगा सुयश अर्ज करतोय. हेही ओघानंच आलं.

प्रसादाच्या रांगेत सुहासिनी भेटली, उल्हासची बायको. हातात विणकाम. रांगेतसुद्धा सुया चालू. हळूच म्हणाली, "ताई, अधिकाऱ्याला म्हणे पहिल्या रजेला येताना एक बाई बरोबर आणता येते? घरकामाला?"

म्हटलं, आणता येते. तिथल्या आशियाई नोंदीतली असेल तर. एरवी त्या लोकांना बाहेर पडता येत नाही, अधिकाऱ्याचा नोकर म्हणूनच तेवढं कलम आहे.

"वयाची अट असते का हो?"

"कसली?"

"नाही, म्हणजे... म्हातारी चालते का?"

अजून अर्ज झाला नाही, आणि मोलकरीण ठरवतायत! तीही अनुभवी हवी!

विणत होती तो मरून रंगाचा, बायकी कार्डिगन. खांद्याला अगदी अरुंद. मी म्हटलं, हा काही सुयशला होणार नाही. "त्याचा नाहीच तो," म्हणाली, आणि गडबडीनं पिशवीत कोंबला. सून ठरलेली दिसते. बंगला, मोलकरीण, सून. यादी तयार.


१२ सप्टेंबर, गुरुवार

सुयश आला. एकोणतीस वर्षांचा, ईलिंगमध्येच जन्मलेला. चपला न सांगता काढल्या. बसताना खुर्ची आधी माझ्याकडे वळवून दिली. आई-बापांना न शोभणारी रीत आहे पोराला.

"मावशी, तुमची चहा खूप छान झाली आहे."

चहा पुल्लिंगी आहे हे मी त्याला तो सात वर्षांचा असताना सांगितलं होतं. तेव्हाही म्हणाला होता, व्हाय?

"कुठे मागितलंयस?" मी विचारलं. हे फॉर्मवर असतंच, विचारायला हरकत नाही.

"लेक प्रॉव्हिन्स. किसुमु."

"आणखी कुठलं? तीन पर्याय द्यायचे असतात."

"तिन्ही ठिकाणी किसुमुच लिहिलंय मी."

मूर्ख! सगळे किनारा मागतात, हवा बरी म्हणून. हा डासांत जातोय, तेही तीनदा. मग म्हणाला, "मावशी, कॅन आय टेल यू समथिंग?" मी म्हटलं, नो. उंबऱ्यात काय सांगितलं? मान खाली घातली. कान लाल झाले होते. प्रेमप्रकरण असणार. सगळ्यांची तीच असतात.

कोळथरकर कुलवृत्तांत देऊन गेला. आवृत्ती पहिली, १९३८. कापडी बांधणी, वाळवीनं आदरपूर्वक खाल्लेली.


१३ सप्टेंबर

सकाळी कोळथरकरांना बसले. मूळ पुरुष, त्याचे तीन मुलगे, एक पेशव्यांकडे कारकून, एक काशीला गेला तो आलाच नाही. ज्यांना फक्त मुली झाल्या त्यांच्यापुढे संपादक एकच शब्द टाकतो. निर्वंश. पान ४१ वर एकाला चार मुली. चारींची नावं दिलीयत, सासरची गावं दिलीयत, आणि पुढे निर्वंश! चार जिवंत बायका कंसात उभ्या, आणि बाप निर्वंश. बारा वर्षांत हा शब्द मी हजारदा इंग्रजीत नेला असेल. दर वेळी तोंड कडू होतं. तरी नेते. काहीही गाळलेले नाही.

उल्हासच्या वडिलांपाशी आले. त्यांचा थोरला भाऊ कमलाकर: 'किसुमु येथे रेल्वेत नोकरीस.' बस्. म्हणजे सुयशच्या डोक्यात किसुमु कुठून आलं ते कळलं. पण १९३८ साली हा कमलाकर तेवीस वर्षांचा. तेविसाव्या वर्षी माणसापुढे पूर्णविराम कसला?

मग आठवलं. दुसरी आवृत्ती आहे. मी पाहिलीय.

शशीच्या कपाटात, मागच्या ओळीत, शरीरशास्त्राच्या पुस्तकांमागे. १९६२. पहिल्या पानावर उल्हासच्या वडिलांची सही. शशीनं ठरावाच्या आधी कधीतरी आणलेलं, परत केलेलं नाही. शशी कुणाचंच पुस्तक परत करत नसे. त्याचा तेवढा एकच गुन्हा.

पान २१४. 'कमलाकर. किसुमु येथे रेल्वेत लेखनिक. तेथील आकिन्यी नामक स्त्रीशी संबंध. कन्या एक, मधुमती (ज. १९५२).' पुढे निर्वंश नाही. एक कन्या, तरी निर्वंश नाही! संपादक विसरला, की तो शब्द लिहिण्याइतकंही ते मूल त्याला आपलं वाटलं नाही? पुढची जागा कोरी.

ओळीशेजारी समासात पेन्सिलच्या उभ्या रेघा. पाच-पाचच्या जुड्या. मोजल्या. एक्केचाळीस. भिंतीवर कैदी मारतात तशा. कुणाचा काय खेळ, देव जाणे.

तर असं आहे. अध्यक्षांच्या सख्ख्या काकांना आफ्रिकन बाईपासून मुलगी. कुळांचा आदर! म्हणून पहिली आवृत्ती. म्हणून कान लाल.

खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. एकटीच. घर दचकलं.


१४ सप्टेंबर

बॉयलर बंद पडला. माणूस गुरुवारनंतर येणार. कुठल्या गुरुवारनंतर ते सांगत नाही.


१८ सप्टेंबर, बुधवार

हाउन्सलो. कचेरीच्या खिडकीतून विमानं दिसतात, खाली हिरव्या बोर्डावर किसुमु, दारेसलाम, रोज दोन उड्डाणं. हॅलमसाहेबांनी नेहमीसारखा चहा दिला, दोन बिस्किटं, एक स्वतः खाल्लं. इंग्रज माणूस. आवाज कधी चढत नाही. गोत्राला गोट्रा म्हणतो आणि दर वेळी माफी मागतो.

सहज विचारल्यासारखं विचारलं— जुनी आवृत्ती आली असेल, आणि नवी असल्याचं मला माहीत असेल, तर?

"नियम म्हणतो शेवटची आवृत्ती. पण, माय डियर लेडी, तुमच्या हातात जे देतात ते तुम्ही करता. तुम्ही काही डिटेक्टिव्ह नाही."

म्हणजे गप्प बसायची मुभा. बिस्किटासारखी पुढे केलेली.

"आणि नव्या आवृत्तीत तसं काही असेल तर? तिकडची बाई, मूल?"

"मग अर्जदार जात नाही. दॅट्स ऑल."

अर्जदार जात नाही. एवढंच. ईलिंगमधला एक मुलगा ईलिंगमध्येच राहील. आकाश कोसळणार नाही.

परतीच्या गाडीत समोर दोन पोरी जर्मनची क्रियापदं पाठ करत होत्या. मराठी पोरी होत्या. मधूनच शेजारी बसलेल्या आईला कपाळावर हात लावून दाखवत होत्या— पाठ करून करून ताप आल्यासारखं वाटतं गं.


२२ सप्टेंबर, रविवार

उल्हास आला. फोन न करता. बारा वर्षांत पहिल्यांदा या घरात. चपला काढताना भिंतीला धरलं. म्हातारा झालाय. सभेत दिसत नाही.

"ताई, शशीनं एक पुस्तक नेलं होतं माझ्याकडून. परत हवं होतं."

सरळ मुद्द्यावर! वीस वर्षांत आठवण नाही झाली, नेमकी आता.

"काम झालं की देते," मी म्हटलं.

"म्हणजे तुमच्याकडे आहे."

"आहे."

"वाचलंत?"

"वाचणं हाच माझा धंदा आहे."

खाली बसला. मी बसा म्हटलं नव्हतं. टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "एक ओळ आहे, ताई. फक्त एक. तेवढी तुम्ही पाहिली नाहीत असं समजा."

"बंगला मिळाला नाही तर सुयश मरणार नाही."

"बंगल्यासाठी नाही हो—" आणि थांबला. "मला तुम्हाला काही सांगायचंय."

"सांगू नका."

"पाच मिनिटं."

"सांगितलंत तर मला लिहून द्यावं लागेल. सगळ्यांना सांगते तेच तुम्हालाही सांगते. अध्यक्षांना वेगळा नियम नाही."

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. आयुष्यात भाषण न करता गेलेला तो त्याचा पहिला प्रसंग असेल. मी उठून दाराशी उभी राहिले. जाताना म्हणाला, "पुस्तकातली सगळी माणसं पुस्तकातच नसतात, ताई."

वाक्य बरं होतं. कुणाचं उचललं असेल?

दारातून ओरडले— ठरावाच्या दिवशी शशीला पाच मिनिटं दिली होतीत का बोलायला? नाही दिलीत! घड्याळ दाखवलंत!

तो वळला नाही. बरं वाटलं. वीस वर्षं वाक्य तयार होतं.


२३ सप्टेंबर

मधुमती कोण हाही प्रश्न मनात आला, नाही असं नाही. १९५२ चा जन्म. त्या मुलखात, तसलं मूल. बर्लिनचा कायदा मिश्र मुलांना नोंदच देत नाही. नोंद नाही तर रेशन नाही, घर नाही, पुढचं कुणी विचारत नाही. बाहत्तर वर्षं कशी काढली असणार! कधीच गेली असेल. छापील नाव आहे. छापील नावांना काही होत नाही.


२६ सप्टेंबर, गुरुवार

पाठवलं. दुसऱ्या आवृत्तीवरून. पान २१४ पूर्ण. आकिन्यीच्या नावाला आपल्याकडच्या बायकांच्या नावाला देतात तेवढीच जागा दिली. मधुमतीच्या जन्माचं साल कंसात, मुळात आहे तसं. समासातल्या रेघाही टिपेत नोंदवल्या: पेन्सिलच्या खुणा, संख्या ४१, अर्थ अज्ञात.

भाषांतर चांगलं झालंय. पुन्हा वाचलं. एक शब्द बदलावासा वाटला नाही.

काहीही गाळलेले नाही. सही. शिक्का.

असं वाटलं की या देशात आज एका तरी माणसानं ताठ मानेनं काम केलं.


१४ ऑक्टोबर

सुयशचा अर्ज नामंजूर. मंडळात सगळ्यांना कळलंय. कुणी केलं तेही कळलंय. किराणा दुकानात दोघींनी माझ्याकडे पाठ केली आणि शेंगदाण्याच्या कुटाकडे पाहत राहिल्या. शेंगदाण्याच्या कुटात एवढं पाहण्यासारखं काय असतं!

नागपूरच्या अठ्ठ्याऐंशी टक्क्यांची नेमणूक झाली. दारेसलाम. छत्रीवाल्याचीही. छत्री न घेताच गेला.


३१ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी. कोळथरकरांकडून फराळाचं ताट आलं नाही. शशीचा राजीनामा झाला त्या वर्षीही आलं होतं, शशी गेला त्या वर्षीही, गोडाशिवाय. सव्वीस वर्षांत हे पहिलं. म्हणजे तत्त्वाचं भांडण पचतं यांना. बंगला गेलेला पचत नाही.

चकल्या दुकानातून आणल्या. मऊ निघाल्या.

बॉयलर पुन्हा गेला.


२३ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी सुहासिनी आली. हातात पिशवी. मी सवयीनं म्हटलं, चपला तिथे काढा आणि मला काही—

"आता सांगायला हरकत नाही," ती म्हणाली. चपला काढल्या नाहीत. "आता तुम्ही काय लिहून देणार? सगळं दिलंयत लिहून."

दिवाणखान्यात आलीच नाही. पॅसेजमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. जसं आठवतं तसं लिहितेय. तिचा आवाज हॅलमसारखा होता, एकदाही चढला नाही.

मधुमती जिवंत आहे. किसुमुमध्येच. आशियाई नोंदीत, कमलाकरची पुण्याहून आणलेली पुतणी म्हणून. खोटी नोंद, कमलाकरनंच केलेली, मूल पाळण्यात असतानाच. तिथल्या आशियाई मुलांच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलं. लग्न केलं नाही— लग्नाला कागद तपासतात. दर दिवाळीला एक पत्र. उल्हासचे वडील प्रत्येक पत्राला पुस्तकात एक रेघ मारायचे, ते गेल्यावर उल्हास मारायला लागला.

"पत्रं ठेवायची नाहीत, जाळायची, असा नियम होता घरात. रेघ तेवढी ठेवायची."

मी काहीतरी म्हटलं. काय ते आठवत नाही.

"पाय गेलेत मधुताईंचे. गेल्या वर्षीच्या पत्रात होतं, आता नोंदींची फेरतपासणी होणार आहे. म्हणून सुयश निघाला होता. वर्षभर चाकरी करायची, पहिल्या रजेला घरकामाची बाई म्हणून घेऊन यायचं. त्याला काय हौस होती हो? त्या गरुडाच्या गाडीत बसायच्या नुसत्या विचारानं उलटी झाली होती पोराला. यांची भाषणंसुद्धा... कचेरीचा माणूस सभेला बसलेला असतो, ताई. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मला वाटायचं तो मूर्ख आहे.

मग सांगायचं होतंत! हे मात्र मी मोठ्यानं म्हटलं, ते नक्की आठवतं.

ती म्हणाली, "सुयशनं विचारलं. हे येऊन गेले. मी रांगेत तुमच्यापाशी येऊन बोलले, याहून उघड कसं बोलू?"

मी म्हटलं, शशीनं पुस्तक मागून आणलं नसतं तर हे झालंच नसतं.

"मागून नव्हतं आणलं. वर्गवारी सुरू झाली, घरोघर तपासणी होणार म्हणत होते. वडिलांची सही असलेलं पुस्तक यांना जाळवेना. शशीभावजी म्हणाले, माझ्याकडे ठेव. डॉक्टरच्या कपाटात कोण बघतंय. शरीरशास्त्राच्या मागे ठेवलंय, असं येऊन सांगितलं होतं त्यांनी."

"पण त्यांचं तर भांडण होतं."

"ठरावाचं होतं. पुस्तकाचं नव्हतं."

पिशवी पॅसेजमधल्या खुर्चीवर ठेवली. "हा आता कुणाला देऊ? मधुताई अंगानं तुमच्याएवढ्याच आहेत, फोटोवरून. तुमच्याकडे बॉयलर बंद असतो म्हणे."

दार तिनं स्वतः ओढून घेतलं. हळू. आपटलं असतं तर बरं झालं असतं.


२४ नोव्हेंबर

शशीनं मला सांगितलं नाही. आठ वर्षं ते पुस्तक माझ्या घरात होतं, तो होता, आम्ही रोज जेवत होतो, आणि सांगितलं नाही. तेव्हा तर मी कचेरीतही नव्हते. तेव्हा शपथही नव्हती.

मग का नाही?

उत्तर येतंय. लिहीत नाही.


२५ नोव्हेंबर

तरी थंड डोक्यानं पाहू. हॅलम म्हणाला होता, अर्जदार जात नाही, दॅट्स ऑल. म्हणजे ती जिथे होती तिथे आहे. बाहत्तर वर्षं होती तशी. कचेरीला अर्जदाराशी मतलब. एवढ्या मोठ्या कारभारात किसुमुच्या एका म्हाताऱ्या मास्तरणीचं नाव कोण ताडून बघतो? हे लोक आळशी आहेत. मी पाहिलंय त्यांना. बिस्किटं खातात.

हॅलमला फोन करावा का? सांगावं की दुसरी आवृत्ती भरवशाची नाही, संपादक चहाडखोर होता, रेघा कुणा पोरानं मारल्यात. तो विचारेल, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि मग ते मला लिहून द्यावं लागेल.

फोन दोनदा उचलला.


२ डिसेंबर

घरात फार गार. कार्डिगन काढून घातला.

बसतो. अगदी मापात.


११ डिसेंबर, बुधवार

हाउन्सलोहून पाकीट. हॅलमसाहेबांची चिठ्ठी: माझ्या टिपणांचा, विशेषतः आकिन्यी या आईच्या नावाचा, किसुमुला फार उपयोग झाला. सोबत कोळथरकर वंशवृक्षाची सुधारित प्रत. मधुमतीपुढे मृत्यूचं साल आलंय, २०२४. कमलाकर शाखेपुढची कोरी जागा मूळ भाषेत, प्रचलित शब्दानं भरून, शिक्क्यासह परत पाठवायची.

निर्वंश लिहिलं. अक्षर चांगलं आलं.